विमानात तो नव्हता

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळी माझ्या नवऱ्याचं विमान माझ्या डोक्यावरून गेलं, आणि माझा नवरा शेडमध्ये बसून चहात बिस्किट बुडवत होता. म्हणून ही वही काढली. मनात ठेवलं तर माझं डोकं फुटेल, बोलले तर त्याचं.

झालं ते असं. पहाटे नेहमीसारखी जीप घेऊन वाळूकडे निघाले. डांबरी रस्ता संपायच्या आधीच क्लचने मान टाकली. मागून पाण्याचा टँकर आला, त्याने दोर बांधून ओढलं. टँकरवाला म्हणाला, "बाई, गावात न्यायचं तर वेळ जाईल. धावपट्टी जवळ आहे, तिथे मेकॅनिक असतो." म्हटलं, चल. बरंच झालं — हा उडायच्या आत गाठता येईल, आज मी खाली नाही म्हणून सांगता येईल.

पोचलो तर विमान नुकतंच उठलेलं. आमचंच. पोटाखालचा पिवळा पट्टा मी स्वतः रंगवलाय. डोक्यावरून वळसा घेऊन ते वाळूकडे गेलं. मनात म्हटलं, चुकामूक झाली, आज बिचाऱ्याची फेरी फुकट. आणि जीपचं सांगायला शेडकडे गेले.

आत हा. पाय टायरवर, पाठ माझ्याकडे. बिस्किट बुडवतोय. अर्धं कपात पडलं, ते चमच्याने काढतोय.

मेकॅनिकने मला पाहिलं. त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. "बाई—" एवढंच म्हणाला. मी ओठांवर बोट ठेवलं आणि मागे फिरले. टँकरवाल्याला म्हटलं, गावातच ने. का गप्प बसले कोण जाणे. मी गप्प बसणारी बाई नाही, हे गल्लीतल्या कुणालाही विचारा.

दुपारी हा घरी आला. हात धुतले, ताटावर बसला. म्हणाला, "आज जागेवर दिसली नाहीस. मी दोन फेऱ्या जास्त मारल्या."

"क्लच गेला."

"तरी म्हटलं! वर हवा फार खडबडीत होती. एकदा तर डोकं छताला लागलं."

मी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. म्हटलं, "टेंगूळ नाही आलं."

"टोपी होती ना," म्हणाला. आणि भात मागून घेतला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आमचं काम कसं चालतं हे इतक्या वर्षांत मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आज स्वतःलाच सांगते. कुठून कुठपर्यंत खरं होतं ते बघायचंय.

एक वाळूची टेकडी. तिचे दोन फोटो, एकाच क्षणाचे. एक जमिनीवरून — तो माझा. एक आकाशातून — तो त्याचा. मी उजाडायच्या आत टेकडीच्या पायथ्याशी जाऊन बसते. विमान ठरलेल्या रेषेवर आलं की मी बटण दाबते आणि तो वरून दाबतो. त्याचा कॅमेरा डाव्या दाराला बसवलेला आहे, बटण हाताशी. वरच्या फोटोत मी ठिपका असते. ठिपका दिसला की टेकडी केवढी ते बघणाऱ्याला कळतं. माझ्या फोटोत विमान कधीच नसतं. ते मला लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं — वरचं काम संपेपर्यंत मी जागेवरून हलायचं नाही. वाळूवर एक पाऊल उमटलं तरी वरून ते दिसतं, मग वारा पुसेल तेव्हाच पुढचं काम. म्हणून काम संपलं की तो विमानाचा डावा पंख एकदा खाली घेतो. याचा अर्थ — झालं, आता ऊठ.

पहिली काही वर्षं एकदाच. मग एकदा आमचं घरी कडाक्याचं वाजलं होतं. कशावरून ते आठवत नाही, पण मी दोन दिवस बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी वाळूवर बसले होते. पंख खाली गेला. मी उठत होते, तेवढ्यात पुन्हा एकदा गेला. संध्याकाळी त्याने विचारलं, "दुसरा कळला?" मी म्हटलं, "कळला." विषय संपला. त्यानंतर कायम दोनदा. पहिला कामाचा, दुसरा माझा. मी उठून दोन्ही हात वर करायची.

आमच्यात लाडाचं बोलणं नाही. कॉलेजात एका वर्गात होतो म्हणून अरे-तुरे, तेवढीच काय ती सलगी. तो मला मास्तरीण म्हणतो, मी त्याला काहीच म्हणत नाही. पण दुसरा पंख माझा होता.

आणि तो पंख काल कुणीतरी भलत्यानेच हलवला असता. मी तिथे असते तर हातही वर केले असते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जीप झाली. मुद्दाम गेले. हा माझ्या आधी "धावपट्टीवर जातो" म्हणून निघाला, गळ्यात दुर्बीण अडकवून. दुर्बीण! नाटकाला सामान लागतंच.

बसले. विमान आलं. मी बटण दाबलं — हात सवयीने काम करतो, त्याला कुणी काही सांगितलेलं नाही.

पंख एकदा खाली गेला.

मी वाट बघत राहिले. मनात म्हणत होते, आता जाऊ नये. दुसऱ्यांदा नकोच.

गेला. अगदी तसाच. मधे तेवढंच थांबून.

मी हात वर केले नाहीत. बसूनच राहिले. विमान जाऊन कितीतरी वेळ झाला, ऊन वर आलं, टेकडीची सावली माझ्या पायाशी येऊन संपली. कुणालातरी शिकवलं याने. समोर बसून सांगितलं असेल — आधी एकदा, मग जरा थांबायचं, मग पुन्हा.

घरी विचारलं, "आज कसं झालं?"

"मस्त. तू हात नाही केलास?"

म्हणजे तिकडून खबरही येते. "खांदा दुखतोय," म्हटलं. मीही शिकतेय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

संग्रहालयात आमच्या कामाचं मोठं प्रदर्शन आहे. पुढच्या महिन्यात फोटो भिंतींवर लागणार. त्यासाठी जेवणाच्या टेबलावर सगळ्या जोड्या मांडल्या. हा आतल्या खोलीत पडला होता — मान धरलीय म्हणे. दोन हिवाळे याची मान धरलेली आहे. उशा दोन लागतात, स्टुलावर चढत नाही, माळ्यावरचं काही काढायचं तर मी. दोन हिवाळे मी त्या मानेला तेल चोळतेय.

वरचे फोटो नुसते क्रमाने लावले आणि समोर उभी राहिले. भिंतीवर लावण्याआधी मी ते नेहमी करते.

जुन्या फोटोंत ठिपका नेहमी कडेला. डावीकडे, खाली, कधी कधी कापला जाईल की काय इतका कडेला. यावरून मी बडबडायची — "मी आहे की नाही हे शोधायला भिंग लागतं!" तो म्हणायचा, "फोटो टेकडीचा आहे, मास्तरीण. तुझा नाही."

आणि गेल्या दोन हंगामांत ठिपका मध्यभागी आलाय. प्रत्येक फोटोत. अगदी मधोमध.

हे मी आधीच पाहिलं होतं. गेल्या वर्षीच. बोलले काही नाही, पण मला बरं वाटलं होतं. उतारवयात माणसं मऊ होतात, म्हटलं. याला शेवटी मला मधे घ्यावंसं वाटलं. मी त्या आठवड्यात त्याच्यासाठी नवा स्वेटरही विणायला घेतला होता.

ज्याला सांगितलंय की बाई फोटोत आली पाहिजे, तो बाईला मधेच धरणार. दुसरं काय.

स्वेटर आत कपाटात आहे. बाह्या राहिल्यात. राहू देत.

१६ नोव्हेंबर, रविवार

लेकीचा फोन. इकडचं तिकडचं. मी सरळ विचारलं, "तुझे बाबा उडत नाहीत, हे तुला ठाऊक आहे?"

तिची मुलं मागे भांडत होती, ती आधी गप्प केली तिने.

"आई, तुला कुणी सांगितलं?"

झालं. उत्तर मिळालं.

कानाच्या आत काहीतरी बिघडलंय म्हणे. मान वळवली की खोली फिरते. विमान वळलं की आकाश कुठलं, जमीन कुठली कळत नाही. दोन वर्षांमागे एकदा कसंबसं उतरवलं आणि धावपट्टीवरच ओकला. डॉक्टरने सांगितलं, आता वर जायचं नाही, चालवायला नाही आणि नुसतं बसायलाही नाही. मान ठणठणीत आहे.

"मला का नाही सांगितलंत?"

"बाबांनी शपथ घातली. आणि आई, खरं सांगू? तू ओरडली असतीस."

"मी ओरडते म्हणून तुम्ही मला दोन वर्षं वाळूत बसवलंत?"

"बघ, आत्ताही ओरडतेयस."

मी ओरडत नव्हते. माझा आवाजच तसा आहे.

म्हणजे लेकीला ठाऊक. जावयाला असणारच, त्याच्या पोटात काही राहत नाही. मेकॅनिकला ठाऊक. डॉक्टरला ठाऊक. मलाच तेवढं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हा संग्रहालयात गेला होता, चौकटी बघायला. विमान मात्र ठरल्याप्रमाणे उडणार होतं. मी वाळूवर गेलेच नाही. धावपट्टीवर जाऊन शेडसमोर खुर्ची टाकून बसले. मेकॅनिक दोनदा चहा विचारून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "बाई, आम्ही सांगितलं नाही ते—"

"मी विचारलंय का?"

"नाही."

"मग चहा आण."

विमान उतरलं. दार उघडून एक बाई खाली आली. बाई! चाळिशीची असेल. आखूड केस, पुरुषी बूट, बाहीला तेलाचे डाग. टोळधाडीवर औषध फवारायची विमानं चालवते, म्हणून सगळे तिला टोळवाली म्हणतात असं मेकॅनिककडून कळलं. मला पाहून तिचं तोंड एकदम उजळलं.

"अय्या, ताई! आज खाली दिसला नाहीत म्हणून मी काळजीत होते."

मी म्हटलं, मी तुमची ताई नाही.

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. म्हणाली, "जवळून पहिल्यांदाच बघतेय ना तुम्हाला! वरून नुसती टोपी दिसते. रोज दोन्ही हात वर करून टाटा करता — मला इतकं बरं वाटायचं. आमच्या फवारणीच्या कामात खालून कुणी हात करत नाही हो. केला तर दगड मारायला."

मी विचारलं, मला काय ठाऊक आहे असं तुम्हाला वाटतं?

"सगळंच की. साहेब म्हणाले, ताईंना सगळं ठाऊक आहे. फक्त त्यांना विषय काढलेला आवडत नाही, म्हणून भेटायला येऊ नका."

मग तिने माझा चेहरा बघितला. हसणं विरलं. खुर्ची ओढून समोर बसली.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं," म्हणाली.

मी पंखाचं विचारलं. दोनदा का? ती टाळायला लागली. म्हटलं, खरं सांगा, मला साखर लावून काही चालत नाही.

"मी विचारलं होतं त्यांना. पहिला काम झाल्याचा, समजलं. दुसरा कशाला? तर म्हणाले—"

"बोला."

"म्हणाले, 'त्याशिवाय ती उठत नाही.'"

मी उठले. खुर्ची घडी करून शेडमध्ये नेऊन ठेवली. ती मागे मागे आली. "ताई, मला हे आधी कळलं असतं तर मी नसतं केलं. देवाशप्पथ."

तिच्यावर राग येत नाही, हीच पंचाईत आहे. तिलाही फसवलंच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काही लिहावंसं नाही. स्वयंपाक केला. तोही जेवला. दोघांनाही तिखट लागलं नाही, कारण मी घातलंच नव्हतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बोलले. सकाळी, चहाच्या वेळी. त्याच्यापुढे बिस्किटांचा पुडा ठेवला आणि म्हटलं, "शेडमध्ये बुडवतोस तसंच बुडव. लाजू नकोस."

पुडा तसाच राहिला.

रडारड नाही, आरडाओरडा नाही. तो नखाने टेबलावरची रेघ उकरत बसला. मग म्हणाला, "कधी कळलं?"

"ते महत्त्वाचं आहे?"

"नाही." मग, "मी सांगणार होतो."

"केव्हा? फोटो भिंतीवर लागल्यावर?"

"मास्तरीण, सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस उभा केला असतास."

"केलाच असता. तू तरी वेगळं काय केलंस? मी तुला दाखवून केलं असतं, एवढाच फरक."

म्हणाला, "तेच तर. मला दाखवून." आणि कप खाली ठेवला. थोडा चहा बशीत सांडला. मला दया आली, आणि आली म्हणून अधिकच संताप आला.

म्हणाला, विमान गेलं की मी शेडच्या मागे जाऊन दुर्बिणीतून बघायचो. इतक्या लांबून तू दिसायची नाहीस, पण पंख दिसायचा. दुसऱ्यांदा खाली गेला की मला कळायचं, आता तू उठलीस, हात वर केलेस. "ते मलाच होते ना?"

"तू तिथे नव्हतास."

"पण तुला वाटत होतं ना मीच आहे?"

काय हे! फसवलं, आणि फसवणूक नीट झाली म्हणून समाधानही मानतोय.

शेवटी विचारायचं ते विचारलंच. म्हटलं, "त्याशिवाय ती उठत नाही — असं म्हणालास?"

तो लाल झाला. "परक्या बाईला मी काय सांगणार होतो? खरं कारण सांगू? शरम वाटली."

"मग पहिलाच सांगायचा. दुसरा तुझ्यापाशी ठेवायचा."

त्याने पुडा उचलून डब्यात ठेवला. बाकी सगळ्याचं कारण दिलं होतं त्याने. कानाचं, डॉक्टरचं, लेकीच्या शपथेचं. याचं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

संग्रहालयात गेलो, दोघं. एका गाडीत. तिथल्या प्रमुख बाई उत्साही आहेत, बोलताना हाताने भिंती दाखवतात. दारातच मोठ्या अक्षरांत लावायचा मजकूर आम्हाला वाचायला दिला. 'तो वर. ती खाली. क्षण एकच.' आणि खाली — प्रत्येक जोडी या दाम्पत्याने एकाच क्षणी टिपलेली आहे.

म्हणाल्या, "एकदा नजर घाला, आणि दोघांनी होकार द्या. म्हणजे छापायला टाकते."

हा म्हणाला, "छान आहे."

मी म्हटलं, "मी कळवते."

परत येताना गाडीत तो बोलला. "गेल्या दोन हंगामांचं काढलंस तर लोक विचारतील, त्याच्या आधीची तरी खरी कशावरून? माझं सोड. तुझे फोटो त्याच भिंतीवर आहेत. तुझ्याही आयुष्यावर लोक बोट ठेवतील."

हे मात्र खरं आहे. मी प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी बसलेय. उन्हाने नाकाची सालं गेलीत, गुडघे गेलेत. एकही फोटो खोटा नाही. पण जोडीतला एक खोटा म्हटला की दुसऱ्याची कोण शहानिशा करतो? याने नुसतं मला गंडवलं नाही. माझं कामही गहाण टाकलं, आणि ते सोडवायचं तर मीच माझ्या तोंडाने सांगायचं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

लेकीचा फोन. "आई, बाबांचं नाव जाईल गं. या वयात. गप्प राहिलीस तर कुणाचं काय बिघडतं?"

"माझं."

"तुझं काय बिघडतं?"

म्हटलं, समजा तुझा नवरा महिनाभर दुसऱ्याला घरी पाठवेल, त्याचाच डबा घेऊन, त्याच्यासारखाच दार वाजवून. तू वाढशील, आणि मग सगळे मिळून तुला सांगतील की जेवणारा जेवला, तुझं काय बिघडलं.

"काहीही काय बोलतेस!" म्हणाली. मग हळू आवाजात, "मी सांगायला हवं होतं का गं?"

हो, म्हटलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

त्याला सांगितलं, मी आज संग्रहालयात जातेय, सगळं सांगायला. येणार असशील तर कपडे कर.

मला वाटलं येणार नाही. इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता. जिना उतरताना कठडा धरून उतरला. दोन वर्षं मी पुढे उतरत होते, म्हणून कधी बघितलंच नव्हतं.

प्रमुख बाईंपुढे मी तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "मी सांगतो." आणि सांगितलं. कान, ओकणं, टोळवाली, शेड. सगळं. पंखांचं सोडून. ते मीही सांगितलं नाही.

बाईंनी हाताने भिंती दाखवणं बंद केलं. म्हणाल्या, मला वरिष्ठांशी बोलावं लागेल.

बाहेर आल्यावर म्हणाला, "झालं समाधान?"

"नाही," म्हटलं. खोटं कशाला बोलू.

१ डिसेंबर, सोमवार

संग्रहालयाचा फोन. मीच घेतला, हा बाजूला उभा.

जुन्या जोड्या घेणार — मूळ फाइली तपासून बघितल्या, विमान उतरवल्याच्या नोंदींशी जुळतात. शेवटच्या दोन हंगामांच्या जोड्या टोळवालीच्या नावाने, वेगळ्या खोलीत. तिला विचारलं तर म्हणे ती फोनवर इतकी हसली की बाईंना कळेना, हो म्हणतेय की नाही. दारावरचा मजकूर बदलणार.

एक अडचण. दारासमोरची मोठी भिंत. तिच्यावर या हंगामातली मोठ्या टेकडीची जोडी लागणार होती. ती आता तिथे चालणार नाही. बाई म्हणाल्या, "त्या भिंतीवर तुमच्या दोघांचीच जोडी हवी. नवी, या वर्षाची. एक वर, एक खाली. नाहीतर ती भिंत मी कोरी ठेवते. आठवडा आहे. तुमच्या यजमानांना वर जाता येत नाही हे मला कळतं, पण—"

म्हटलं, कळवते.

त्याने विचारलं, काय म्हणाल्या? सांगितलं. तो खुर्चीवर बसला. "मग कोरीच राहणार," म्हणाला. "मी तर जाऊ शकत नाही." त्याच्या आवाजात मला थोडीशी सुटका ऐकू आली. की मीच ऐकली, देव जाणे. हल्ली त्याचं काय खरं मानावं ते कळत नाही, हेच सगळ्यात वाईट. चहा गोड झालाय म्हणाला तरी मी स्वतः चाखून बघते.

दुपारी मी टोळवालीला फोन केला. तिने विचारलं, "ताई, पोटात डचमळतं का तुम्हाला?"

लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदाच विमानातून वर गेले होते. डचमळलं नव्हतं. त्याने सांगितलं, एकाने खाली राहायला हवं. मी राहिले.

२ डिसेंबर, मंगळवार

आज संध्याकाळी नवऱ्याच्या ताब्यात दिलं ते असं : जीपची किल्ली. माझा कॅमेरा, लांब भिंगासकट. ट्रायपॉड — एक पाय सैल आहे, सांगितलं. पाण्याचे दोन कॅन. बसायची चटई. उद्या पहाटे मोठ्या टेकडीसाठी. पोच घेतली नाही, त्याच्या सहीचा आता मला उपयोग नाही.

"आणि तू?" म्हणाला.

"वर."

कुठे बसायचं, विचारत होता. म्हटलं, इतकी वर्षं वरून बघितलंयस. सापडेल.